चटईखालची जागा

पहाटे वाओसाने स्वयंपाकघराच्या खिडकीचा पडदा सरकवला, तेव्हा तिला प्रथम वाटले की रात्रीतून कुणीतरी अंगणात जुने सामान आणून टाकले आहे. शहराच्या पश्चिमेकडच्या या उपनगरांत ते नवल नव्हते. नको झालेला सोफा लोक खुशाल दुसऱ्याच्या दारात सोडून जात. मग त्या सामानातला एक भाग खोकला.

गवतावर पंधरा-वीस माणसे मांडी घालून, माना खाली घालून बसली होती. सगळ्यांत पुढे जे गाठोडे दिसत होते, ते गाठोडे नव्हते. डोक्यावरून इए तोगा पांघरून बसलेला माणूस होता. लाल पिसांची किनार असलेली, कापडाइतकी मऊ विणलेली ही चटई सामोअन घरात जन्माला, लग्नाला आणि मरणाला पेटीबाहेर निघते. चौथा प्रसंग हा. चटईसमोर सरपण ठेवलेले होते : आम्ही तुमचे अपराधी, आम्हाला भाजलेत तरी तक्रार नाही, असे सांगणारे. सामोआतल्या सवाई बेटावर ते रानातून तोडून आणतात. हे पेट्रोल पंपावरून आणलेले होते. त्याची नारिंगी जाळी कुणी काढली नव्हती.

"इफोगा," वाओसाच्या खांद्यामागून एसेटावहिनी म्हणाली. तिने एक क्षण बाहेर पाहिले आणि किटली उचलली. "उकळलंय ना हे? आण, ओतून येते."

"वहिनी, ती चटई कुणीतरी वर्षभर बसून विणली असेल."

"बरं. चटई सोडून ओतते."

दुसऱ्या ओळीत, साध्या कपड्यांत, लाफाएले बसला होता. तीन आठवड्यांपूर्वी याच मुलाने, तेव्हा पोलिसाचे हेल्मेट आणि चिलखत घालून, एसेटाच्या नवऱ्याचा उजवा डोळा घालवला होता. चटईखालचा माणूस त्याचा आजोबा, मुलिआऊ, कुळाचा प्रमुख. इफोगात, म्हणजे माफी मागायच्या या रीतीत, अपराध घरातल्या कुणाचाही असो, चटईखाली बसायचे प्रमुखाने. आणि ज्यांचे नुकसान झाले, त्यांनी ती चटई दूर केली की दोन घरांतला वाद संपला. मग तो पुन्हा उकरणारा निर्लज्ज ठरतो.

वाओसा बांधकामाचे काँक्रीट यंत्रात दाबून फोडणाऱ्या प्रयोगशाळेत काम करीत असे. ठोकळा कोणत्या भाराला फुटला हे पाहायचे आणि तेवढेच सांगायचे, ही तिची रीत. चर्चमध्ये ती आईसाठी जाई. भावाच्या डोळ्याबाबतही तिने हिशेबच मांडला होता. सरकारी घरांच्या इमारती पाडू नयेत म्हणून लोकांनी मोर्चा काढला होता. इआकोपोदादाचा त्याच्याशी संबंध एवढाच की मोर्चा ज्या रस्त्यावर अडवला गेला, त्या रस्त्यावर ट्रामचा थांबा होता. लहान मुलांच्या सणासाठी, चर्चच्या गायनवृंदाकरता घेतलेल्या पांढऱ्या शर्टांची पिशवी पायाशी ठेवून तो ट्रामची वाट पाहत होता. पोलीस खात्याने दुसऱ्या दिवशी जाहीर केले की, 'जमावात सामील असलेल्या, वारंवार सांगूनही हटण्यास नकार देणाऱ्या एका इसमास दुर्दैवाने इजा झाली.' दादाला लागलेली, फोमच्या टोकाची ती गोळी कमरेखालीच मारायची, हा खात्याचाच नियम. दादाची उंची सहा फूट तीन इंच. त्याचा डोळा कुणाच्याही कमरेखाली यायचा तर पोलिसाने शिडीवरून नेम धरायला हवा होता. गोळी मुद्दाम तोंडावर मारली, याखेरीज दुसरा निष्कर्ष निघत नव्हता, आणि सोमवारी चौकशी समितीसमोर ती हेच सांगणार होती.

"आले का ते?" पेटेलोकाका पॅसेजमधून आत आले. वडिलांच्या पश्चात कुळाचे प्रमुखपद त्यांच्याकडे होते. गाडीची बॅटरी उतरली म्हणून काल ते इथेच मुक्कामाला राहिले होते.

वाओसाने त्यांच्याकडे पाहिले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, कमरेला लुंगीसारखी गुंडाळलेली काळी लावालावा, केस चोपून बसवलेले.

"काका, तुम्ही टाय बांधून झोपता का?"

"काय?"

"आत्ता कुठे उजाडतंय. घरात कुणी तोंडसुद्धा धुतलेलं नाही आणि तुम्ही लग्नाला निघाल्यासारखे. तुम्हाला माहीत होतं."

काकांनी टायची गाठ चाचपली. "माहीत असलं तर काय बिघडलं? सार्जंटचा फोन आला होता. समाजसंपर्क विभागाचा तो. भला माणूस आहे. म्हणाला, मुलिआऊच्या घरच्यांना माफी मागायची आहे, तुम्ही दार बंद ठेवू नका."

"आणि सोमवारबद्दल काय म्हणाला?"

"म्हणाला की, आपापसांत मिटलं, तर समितीसमोर जाऊन मनस्ताप करून घ्यायची गरज उरणार नाही."

"मनस्ताप!" एसेटाने किटली इतक्या जोरात ठेवली की झाकण उडाले. "माझा नवरा सकाळी कपात चहा ओततो तो टेबलावर पडतो. अंतर कळत नाही त्याला. याला मनस्ताप म्हणतात. आणि तुम्ही त्या माणसाशी फोनवर गोड बोलताय?"

"एसेटा, माझी मुलगी त्यांच्या घरात दिली आहे. रविवारी आपण एकाच बाकावर बसतो. उद्या कुणी मेलं तर खांदा द्यायला तेच येणार आहेत, समिती नाही येणार."

"म्हणजे खातं डोळा फोडणार आणि भांडण आम्ही आमच्यातच मिटवायचं," वाओसा म्हणाली. "फार सोयीचं आहे. त्यांनी साधं 'चुकलं' म्हटलेलं नाही, काका. 'दुर्दैवाने' म्हणाले. जणू वीज पडली."

"तुला रीत कळत नाही."

"कळते ना. रीतीचा फायदा कुणाला होतोय, तेही कळतं."

खिडकीशेजारच्या खुर्चीतून आई म्हणाली, "ती चटई माझी आहे."

सगळे वळले. आई, फाआपिसा, डोळे बारीक करून बाहेर पाहत होती.

"मुलिआऊची बायको गेली तेव्हा मीच दिली होती. कोपरा उंदरानं कुरतडला होता, तो मी पुन्हा विणला. बघ, डावीकडे रंग वेगळा दिसतोय. त्यांनी घरातली सगळ्यात चांगली काढली आहे." मग थोडे थांबून ती म्हणाली, "म्हातारा कधीपासून बसलाय?"

कुणालाच ठाऊक नव्हते. तेवढ्यात दाराच्या चौकटीवर खांदा आपटल्याचा आवाज आला. इआकोपोचा उजवा खांदा तीन आठवड्यांत घरातल्या प्रत्येक चौकटीला लागून झाला होता. डोळ्यावर पांढरी पट्टी, अंगात झोपायचा सदरा. त्याने बहुधा सगळे ऐकले होते.

"लाफाएले आलाय?" त्याने विचारले.

"दुसऱ्या ओळीत आहे," वाओसा म्हणाली.

"डावीकडे का उजवीकडे? उजवीकडे असला तर मला दिसायचा नाही."

 इआकोपोने लाफाएलेला आठव्या वर्षापासून गायला शिकवले होते. त्याचा आवाज फुटला तेव्हा बाकीच्यांनी त्याला वृंदातून काढायला सांगितले, आणि इआकोपोने त्याला दोन वर्षे नुसती वहीची पाने उलटायला शेजारी उभे केले होते.

"दादा, ऐक," वाओसा त्याच्या वाटेत उभी राहिली. "तू चटई उचललीस की संपलं. खातं म्हणणार, प्रकरण समाजाच्या पद्धतीने मिटलं. तेवढ्यासाठीच हे घडवून आणलंय."

"मुलिआऊंशी असलेलं संपेल."

"आणि खात्याशी असलेलं?"

"खातं कुठे बसलंय? दाखव मला."

तिने बाहेर पाहिले. कुंपणाच्या फाटकाशी, गवतापासून बेताचे अंतर राखून, एक गोरा माणूस पोलिसांचे निळे जाकीट घालून उभा होता. हातात कॉफीचा कागदी पेला होता.

"तो उभा आहे," ती म्हणाली.

"हं," इआकोपो म्हणाला. "म्हातारा ऐंशीचा आहे आणि गवत ओलं आहे. बाजूला हो."

तो अनवाणी बाहेर गेला. पायरीचा अंदाज चुकला. एसेटाने धावत जाऊन त्याचा दंड पकडला आणि मग सोडला नाही, त्यामुळे ज्यांच्यावर ती उकळते पाणी ओतणार होती, त्यांच्यापुढे ती नवऱ्याबरोबर जाऊन उभी राहिली. शेजारच्या त्रानबाई कचऱ्याचा डबा ओढत थांबल्या आणि कुणी गेले का, असे त्यांनी खुणेने विचारले. इआकोपो वाकला, चटई दोन्ही हातांनी उचलली.

मुलिआऊने वर पाहिले. त्याच्याजवळ भाषण तयार होते. अशा वेळी बोलायचे शब्द त्याने उभ्या आयुष्यात इतरांसाठी अनेकदा जुळवून दिले होते. पण तो म्हणाला, "पाय गेला रे माझा. मुंग्या आल्यात. उठव मला."

* * *

मग रीतीप्रमाणे सगळे झाले. पाहुणे बैठकीच्या खोलीत भिंतीला टेकून बसले, एसेटाने कोको आणि पानीकेके, पिठाचे तळलेले गोड गोळे, आणून ठेवले. लाफाएलेसमोर मात्र ताटली जरा आपटूनच. सार्जंट बाहेरच राहिला. काकांनी घसा खाकरून पूर्वजांपासून सुरुवात केली. ते दुसऱ्या पिढीपर्यंत पोहोचले असतील, तोच वाओसा म्हणाली, "मला एक विचारायचंय."

"भाषणं व्हायची आहेत!" काका ओरडले.

"विचारू दे," मुलिआऊ म्हणाला. "आम्ही तिच्या दारात ऐकायलाच आलोय."

ती लाफाएलेकडे वळली. "दादाचा डोळा जमिनीपासून पाच फूट दहा इंचांवर आहे. तू नेम कुठे धरला होतास?"

"मांडीवर."

"मग मांडी इतकी वर कशी गेली?"

पोराने कोकोचा कप खाली ठेवला. "सर वाकले होते."

"कशाला?"

"पिशवी उचलायला." त्याने आता इआकोपोकडे पाहिले. "मी ओरडलो होतो, सर, निघा इथून. सामोअनमध्ये. हेल्मेटमुळे चेहरा दिसत नव्हता, पण सरांनी आवाज ओळखला. हात असा वर केला, सूर तुटला की करतात तसा. आणि शर्टांची पिशवी घ्यायला वाकले."

"मला आठवत नाही," इआकोपो हळू म्हणाला. "आवाज आठवतो. मला वाटलं, हा इथे कुठून?"

"म्हणजे तो निघाला होता," वाओसा म्हणाली.

"हो. निघाले होते."

"हटायला नकार दिला नव्हता."

"नाही."

"मग गोळी का?"

"कानातल्या यंत्रात हुकूम आला. थांब्यावर जे उरलेत ते सगळे जमावातले समजा आणि गोळ्या मारा. मी म्हणालो, हा माणूस ट्रामची वाट बघतोय, मी ओळखतो याला. पुन्हा तोच हुकूम आला. वरचा, मोठ्या साहेबाचा." त्याचा आवाज सपाट झाला. "मग मी मारली. मांडीवर. आणि त्याच क्षणी सर वाकले."

 वाओसाचा हिशेब चुकला होता. उंचीचा आकडा बरोबर होता. माणूस ताठ उभा होता, हे मात्र तिने न मोजताच गृहीत धरले होते. प्रयोगशाळेत असे झाले की ती निष्कर्ष खोडून पुढे जाई, त्यात रागवायचे काही नसे. आज राग होता. तो तीन आठवडे या पोराच्या डोक्यावर नेमका टेकवून ठेवलेला होता, आणि आता कणभरही कमी न होता तो वर सरकत होता, जिथे हेल्मेट नव्हते, चिलखत नव्हते, फक्त बोलायचे यंत्र आणि खुर्ची होती. भाऊ सांगितलेले ऐकत होता, म्हणून त्याचा डोळा गेला. ऐकले नसते, ताठ उभा राहिला असता, तर मांडीवर काळानिळा डाग पडून भागले असते.

"हे तू कुणाला सांगितलंस?" तिने विचारले.

"सार्जंटना. पहिल्याच दिवशी. ते म्हणाले, वाकल्याचं बोलू नकोस, गोंधळ वाढेल. म्हणाले, तुमच्यात माफीची पद्धत असते ना, ती करून टाका, दोन्ही घरांचं मन हलकं होईल."

"थांब," पेटेलोकाका म्हणाले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "मला तो म्हणाला, मुलिआऊची इच्छा आहे."

"मला म्हणाला," मुलिआऊ म्हणाला, "पेटेलोची इच्छा आहे."



"म्हणजे मी त्या माणसाच्या सांगण्यावरून टाय बांधला," काका म्हणाले.

"मी तर त्याच्या सांगण्यावरून गवतात बसलो," मुलिआऊ म्हणाला. "तुझं परवडलं."

मग तो नातवाकडे वळला. "सोमवारी तू समितीसमोर जाशील."

"आजोबा, नोकरी जाईल."

"जाईल."

"फक्त नोकरी नाही. मी मारली हे मीच सांगितलं की मला कोर्टात उभं करतील. हुकूम देणारा म्हणेल, मी असं बोललोच नव्हतो."

"म्हणेल. तू मारलीस ना?"

"मारली."

"तेवढं तुझं आहे, ते तुलाच उचलावं लागेल. पण मी बाहेर चटईखाली बसलो तेव्हा सगळा अपराध आमचा म्हणून बसलो. सगळा आमचा नव्हता. तुला ते माहीत होतं आणि तू मला तसंच बसू दिलंस." म्हाताऱ्याचा आवाज चढला नाही. "इआकोपोने चटई उचलली. त्याचं मोठेपण. तू गप्प राहिलास तर मी अजून तिच्याखालीच आहे."

 एसेटा लाफाएलेकडे पाहत होती. मग तिने त्याची न शिवलेली ताटली उचलली, थंड झालेला पानीकेके काढून गरम ठेवला आणि म्हणाली, "खा. उपाशीपोटी खरं बोलवत नाही."

"मी जाईन," तो म्हणाला. कुणाला, ते कळले नाही.

दारावर टकटक झाली.

सार्जंट आत डोकावला. चेहऱ्यावर, चर्चमधल्या परक्या माणसाच्या चेहऱ्यावर असतो तसा, जपून आणलेला आदर होता. "मी अडथळा आणत नाही ना? फक्त एवढंच म्हणायचं होतं, फार सुंदर प्रथा आहे तुमची. आमच्यात असं काही नाही, याचं वाईट वाटतं. मग... मिटलं, असं मी वर कळवू?"

वाओसाने तोंड उघडले, पण त्याआधीच पेटेलोकाका उठले. त्यांनी कोपऱ्यात घडी करून ठेवलेली चटई हातांवर घेतली, सार्जंटच्या बाजूने बाहेर गेले, आणि जिथे मुलिआऊ बसला होता, जिथले गवत अजून दबलेले होते, तिथे ती नीट पसरली. पिसांची किनार सरळ केली. सगळे घर त्यांच्या मागोमाग अंगणात आले.

"बसा," काका म्हणाले.

"मी?" सार्जंट हसला.

"तुमचे मोठे साहेब आले असते तर उत्तम होतं. पण तुम्हीही चालाल. आम्ही फार नखरे करत नाही."

"हे पाहा, मला तसा अधिकार नाही. खात्याच्या वतीने असं काही—"

"माझ्या नातवाला अधिकार होता का?" मुलिआऊने विचारले. "तो बसला."

"चौकशी चालू आहे. समिती काय ते ठरवील."

"चांगलं आहे," वाओसा म्हणाली. "सोमवारी समितीसमोर दोघं बोलतील. एक माझा भाऊ. दुसरा कोण, ते तुम्हाला माहीत आहे. तुम्हीच त्याला गप्प बसायला सांगितलं होतं. मीही येणार आहे. माझी एक चूक सुधारायची आहे. माझा भाऊ ताठ उभा नव्हता. तो तुमचं ऐकत होता."

सार्जंटने लाफाएलेकडे पाहिले. लाफाएलेने नजर खाली वळवली नाही. कागदी पेला रिकामा होता तरी सार्जंटने तो तोंडाला लावला.

"भावना समजू शकतो मी," तो म्हणाला आणि फाटकाकडे निघाला.

"सरपण मात्र स्वतःचं आणायला सांगा साहेबांना!" एसेटा मागून ओरडली. "आमचं संपलं!"

गाडी गेली. काका चटई उचलायला वाकले, तेव्हा आई दारातून म्हणाली, "राहू दे अजून."

"ऊन लागेल, वहिनी. पिसांचा रंग उडेल."

"उडू दे. कोपरा मी विणलाय, मी सांगते. राहू दे."

इआकोपो पायरी चाचपून तिच्यावर बसला. समोर चटई पसरलेली होती, मोकळी. तिच्या पलीकडे फाटक, रस्ता, आणि रस्त्यावर कुणी नाही.

"सोमवारपर्यंत बसणार आहेस का असाच?" वाओसाने विचारले.

"वाट बघायची सवय आहे मला," तो म्हणाला. "त्याच गुन्ह्यात डोळा गेलाय."

लाफाएले काही वेळ अंगणात अवघडून उभा होता. मग तो वळसा घालून पायरीकडे आला आणि इआकोपोच्या डावीकडे बसला, जिथून तो दिसत होता.